कोसा : झाडाचा की किड्याचा?
(मोहाडी परिसरातील टसर आणि त्याचे पोशिंदे वृक्ष ह्यांच्या इतिहासाचे एक प्रकरण)

भंडारा जिल्ह्यातील मोहाडी हे तालुक्याचे ठिकाण भंडारा-तुमसर मार्गावर, वैनगंगेच्या खोऱ्यात वसले आहे. तेथील चौंडेश्वरीचे देवस्थान आसमंतात प्रसिद्ध असून चौंडेश्वरी ही देवांग कोष्ट्यांची कुलदेवता होय. मोहाडी आणि त्याच तालुक्यातील आंधळगाव ही कोशाच्या, म्हणजे टसर रेशमाच्या, हातमागांची गावे म्हणून ओळखली जातात. माग गावात असला तरी त्यावर चढणारे सूत जन्मते ते ऐन आणि अर्जुन ह्या वृक्षांवर. हे वृक्ष जंगलात, तळ्यांच्या पाळींवर आणि नदीनाल्यांच्या काठी वाढतात. त्यांवर किडे पाळण्याचे काम ह्या भागात परंपरेने ढिवर समाज करीत आला आहे.

तंतु-वनस्पती म्हटले की ताग, अंबाडी, घायपात ही नावे सहज आठवतात. ह्या वनस्पतींची साल किंवा पाने कुजवून अथवा खरवडून वाख काढतात. ऐन किंवा अर्जुन ह्यांपासून वस्त्रोपयोगी असा वाख काढीत नाहीत. त्यांचा पाला एक किडा खातो व त्यापासून तो तंतू निर्माण करतो. तेव्हा ह्या वृक्षांना तंतु-वनस्पती म्हणावे की नाही, आणि कोसा हे झाडाचे उत्पन्न मानावे की किड्याचे, हा प्रश्न वरवर पाहता केवळ शाब्दिक वाटेल. परंतु ह्या प्रश्नाचे उत्तर ज्या ज्या काळी जसे दिले गेले, त्यावर झाड कोणी लावावयाचे, कोणी तोडावयाचे आणि त्यावर हक्क कोणाचा, ह्या गोष्टी पुष्कळ अंशी अवलंबून राहिल्या. त्या उत्तरांचा मागोवा घेणे हा प्रस्तुत निबंधाचा विषय आहे.

१. शब्दांची साक्ष

मराठीतील ‘कोसा’ हा शब्द संस्कृत ‘कोश’, प्राकृत ‘कोस’ ह्या मार्गाने आलेला सरळ तद्भव आहे. ‘कोसला’ हे त्याचेच विस्तारित रूप. दोन्ही शब्द मूळचे किड्याच्या घराचे वाचक आहेत. त्यांपैकी ‘कोसा’ हा पुढे त्या घरापासून मिळणाऱ्या सुताचा व कापडाचाही वाचक झाला. ‘टसर’ ह्या शब्दाचा प्रवास निराळा आहे. वैदिक भाषेत ‘तसर’ म्हणजे मागावरचा धोटा. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील १३० व्या सूक्तात हा शब्द विणकामाच्या रूपकात येतो. आद्य दंत्य वर्णाचे मूर्धन्यीभवन होऊन ‘टसर’ हे रूप सिद्ध झाले, आणि अर्थ हत्याराकडून त्यावर चालणाऱ्या सुताकडे सरकला. म्हणजे एकाच वस्तूच्या दोन नावांपैकी एक जंगलाच्या बाजूने आले आहे व दुसरे मागाच्या बाजूने. पाळणारा आणि विणणारा ह्यांच्या तोंडी ‘कोसा’ रुळलेला आहे, तर व्यापार आणि शासन ह्यांच्या भाषेत ‘टसर’ प्रचलित आहे.

‘कोष्टी’ ह्या जातिनामाचा संबंध पुष्कळदा ‘कोसा’शी जोडला जातो. अर्थाच्या दृष्टीने तो मोहक असला तरी ध्वनिदृष्ट्या तो सरळ नाही. वारशाने आलेल्या मराठी शब्दांत संस्कृत ‘ष्ट’ अथवा ‘ष्ठ’ सामान्यतः ‘ठ’ होतो: मुष्टि-मूठ, काष्ठ-काठी, कोष्ठ-कोठा. ‘कोष्टी’मध्ये हा संयोग जसाच्या तसा उभा आहे. त्यावरून हे रूप उत्तरकाळी संस्कृताच्या वळणाने घडवलेले असावे, असे अनुमान निघते. विणकराचे नाव कोशावरून पडले, हे विधान एवढ्या आधारावर निश्चित म्हणून मांडता येत नाही.

कोशाच्या मूळ प्रश्नाची चर्चा मात्र व्याकरणपरंपरेत फार पूर्वी झालेली आहे. ‘कौशेय’ ह्या शब्दाचा प्रत्यय पाणिनीने अष्टाध्यायीत (४.३.४२) ‘तेथे संभवलेले’ ह्या अर्थाच्या प्रकरणात सांगितला. त्यावर वार्तिककार कात्यायनाने आक्षेप घेतला की, वस्त्र काही कोशात संभवत नाही. ते कोशाचा विकार, म्हणजे कोशापासून घडवलेले रूपांतर आहे, म्हणून प्रत्यय विकारार्थी मानला पाहिजे. पतंजलीने महाभाष्यात ह्याची चर्चा केली आहे. व्याकरणाच्या दृष्टीने हा प्रत्ययार्थाचा वाद. पण त्याच्या मुळाशी असलेली शंका अशी की, एखादी वस्तू ‘कशात आढळते’ आणि ‘कशापासून, कोणाच्या कृतीने घडते’ ह्या दोन गोष्टी एक नव्हेत. पुढील इतिहासात ही शंका वेगळ्या वेषात पुनःपुन्हा भेटते.

कौटिलीय अर्थशास्त्राने तिसरीच वाट धरली. कोशात प्रवेशावयाच्या मौल्यवान वस्तूंच्या प्रकरणात तेथे ‘पत्रोर्णा’, म्हणजे पानांवरची लोकर, हिचा उल्लेख येतो. मगध, पौंड्र आणि सुवर्णकुड्य ही तिची उत्पत्तिस्थाने सांगितली असून नागवृक्ष, लकुच, बकुल आणि वट ह्या झाडांनुसार तिचे रंग वेगळे दिले आहेत: नागवृक्षाची पिवळी, लकुचाची गव्हाळ, बकुलाची पांढरी आणि बाकीची लोण्याच्या रंगाची. पत्रोर्णेला वन्य रेशीम मानण्याकडे अभ्यासकांचा कल आहे. ह्या वर्गीकरणात किड्याचे नावही नाही. वस्त्राची जात झाडावरून ठरते. ऐन व अर्जुन ह्यांचा तेथे निर्देश नसला तरी ‘आधी झाड, मग सूत’ ही दृष्टी त्यातून स्पष्ट दिसते.

२. झाडांची नावे आणि त्यांतील घोटाळा

ऐन हा महाराष्ट्राच्या पानझडी जंगलातील एक प्रमुख वृक्ष. त्याची साल मगरीच्या पाठीप्रमाणे चौकोनी भेगांची असते, लाकूड टणक आणि घरबांधणीस उपयुक्त असते. अर्जुन अथवा अर्जुनसादडा हा पाण्याजवळ वाढणारा त्याचा जवळचा नातलग. त्याची साल गुळगुळीत, फिकट, व फळ पाच पंखांचे असते. दोन्ही एकाच वंशातील आहेत. वनस्पतिशास्त्राच्या ग्रंथांत ऐनाला टर्मिनॅलिया टोमेंटोझा, टर्मिनॅलिया अलाटा आणि टर्मिनॅलिया इलिप्टिका अशी निरनिराळी नावे मिळतात. अर्जुनाचे टर्मिनॅलिया अर्जुना हे नाव त्या मानाने स्थिर आहे.

शास्त्रीय नावांपेक्षाही मोठी अडचण देशी नावांची आहे. ज्या वृक्षाला मराठीत ऐन म्हणतात, त्याला मध्य प्रदेश व छत्तीसगडाच्या बाजूस साज किंवा साजा, आणि झारखंड-बंगालकडे आसन म्हणतात. टसरावरील बहुतेक शास्त्रीय वाङ्मय झारखंडातील अनुभवावर आधारलेले असल्यामुळे त्यात ‘आसन’ हेच नाव येते. परंतु मराठीत ‘असाणा’ अथवा ‘आसाणा’ हा ब्रिडेलिया रेटुसा हा अगदी निराळा, काटेरी वृक्ष होय. त्यात भर अशी की, संस्कृत ‘असन’ शब्दाने काही कोशकार बिबळा घेतात, काही ऐन. तेव्हा ‘आसनाची रोपे लावावीत’ ही सूचना मराठी कागदावर जशीच्या तशी उतरली, तर रोपवाटिकेत कोणते बी पेरले जाईल हे वाचणाऱ्याच्या बोलीवर अवलंबून राहील. तीन-चार वर्षांनी किडे सोडण्याची वेळ येईपर्यंत ती चूक लक्षातही येणार नाही. वृक्षसंवर्धनाच्या संशोधनात बोलीभाषेतील नावांची नोंद दुय्यम समजली जाते; ह्या उदाहरणावरून ती किती प्राथमिक आहे हे कळून येईल.

३. किड्याचा शास्त्रीय शोध

टसराच्या पतंगाला १७७३ मध्ये ड्रूरी ह्याने ‘मायलिट्टा’ हे नाव दिले. आज तो अँथेरिया मायलिट्टा म्हणून ओळखला जातो. कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानाचे अधीक्षक विल्यम रॉक्सबर्ग ह्यांनी बंगालमधील टसर आणि एरी रेशीमकिड्यांचे वर्णन लिनियन सोसायटीच्या नियतकालिकाच्या सातव्या खंडात (१८०४) प्रसिद्ध केले. रॉक्सबर्ग हे मूळचे वनस्पतिशास्त्रज्ञ असल्यामुळे त्यांनी किड्याबरोबर त्याच्या खाद्यवृक्षांचीही, म्हणजे बोर आणि आसन ह्यांची, दखल घेतली. झाड आणि किडा एकत्र पाहण्याची ही दृष्टी पुढे टिकली नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात टसर हा प्रश्न मुख्यतः रंगाऱ्यांचा आणि गिरणीवाल्यांचा झाला. इंग्लंडमधील लीक येथील थॉमस वॉर्डल (१८३१-१९०९) ह्यांनी टसराच्या तपकिरी, रंग न धरणाऱ्या सुतावर रंग चढवण्याचे अनेक प्रयोग केले. १८७८ च्या पॅरिस प्रदर्शनात भारतीय वन्य रेशमांचे नमुने मांडले गेले, १८८१ मध्ये वॉर्डल ह्यांची ह्या विषयावरील हस्तपुस्तिका निघाली आणि १८८५-८६ मध्ये त्यांनी भारताचा दौरा केला. ह्या प्रयत्नांनी टसराला युरोपात मागणी आली. परंतु त्यांचा रोख सुतावर होता. कोसा कोठून येतो, तर ‘जंगलातून’, एवढे उत्तर पुरेसे मानले गेले. ते जंगल कोण राखतो आणि कोणती झाडे कशी वाढतात ह्याची विचारपूस त्यात जवळजवळ नव्हती.

ह्याच काळात फ्रान्समध्ये लुई पाश्चर ह्यांनी (१८६५-१८७०) रेशीमकिड्यांच्या पेब्रिन रोगाचा छडा लावला आणि मादी पतंगाची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी करून निरोगी अंडी निवडण्याची पद्धत घालून दिली. तुतीच्या रेशमासाठी निघालेली ही पद्धत पुढे टसरालाही लागू झाली. ‘रोगमुक्त अंडीपुंज’ हा आजच्या रेशीम खात्याच्या मराठीतील रोजचा शब्द त्या परंपरेतून आलेला आहे.

४. जंगल आणि कायदा

भोसल्यांचे नागपूर राज्य १८५४ मध्ये खालसा झाले आणि १८६१ मध्ये मध्य प्रांताची रचना झाली. पुढे वनखात्याची व्यवस्था बसत गेली. त्या व्यवस्थेच्या हिशेबात ऐन हा प्रामुख्याने इमारती लाकडाचा वृक्ष होता. इमारती लाकडासाठी झाड सरळ, उंच व जाड होऊ द्यावे लागते. कोशासाठी ते हाताच्या टप्प्यात, वारंवार छाटलेले आणि कोवळ्या पालवीचे असावे लागते. एकाच झाडाकडून केलेल्या ह्या दोन अपेक्षा परस्परविरोधी आहेत. लाकडाच्या दृष्टीने जी छाटणी म्हणजे झाडाची नासाडी, तीच कोशाच्या दृष्टीने मशागत.

१९२७ च्या भारतीय वन अधिनियमाच्या व्याख्याकलमात रेशीम व कोश ह्यांचा समावेश वनोत्पन्नात होतो. पण तो होतो वन्य प्राणी, कातडी, हस्तिदंत, शिंगे, हाडे, मध आणि मेण ह्यांच्या पंक्तीत, प्राण्यांपासून मिळणाऱ्या पदार्थांच्या उपकलमात. झाडे, पाने, फुले, फळे ह्यांचे उपकलम वेगळे आहे. कायद्याच्या नजरेत कोसा म्हणजे जंगलात सापडणारे हाड किंवा शिंग ह्यांच्या जातीची वस्तू ठरली. पाणिनीच्या ‘संभूत’ अर्थाशी हे वर्गीकरण जुळते: कोसा तेथे ‘आढळतो’. तो कोणी तेथे नेला, कोणी राखला, कोणत्या झाडाची छाटणी कोणी केली, ह्या ‘विकारा’च्या बाजूला व्याख्येत जागा नाही.

५. पाळणूक म्हणजे काय

तुतीच्या किड्यासाठी पाने तोडून घरात आणतात. टसरात पाला जागेवरच राहतो आणि किडा त्याच्याकडे न्यावा लागतो. हा भेद सर्व व्यवहाराचे मूळ आहे. जतन केलेल्या बीजकोशांतून पावसाच्या आरंभी पतंग बाहेर पडतात. त्यांची जोडी लागल्यावर मादी साधारणतः दीडशे ते अडीचशे अंडी घालते. आठ-दहा दिवसांत अळ्या निघतात आणि त्या झाडावर सोडल्या जातात. अळी चार वेळा कात टाकते, पाच अवस्थांतून जाते आणि एकूण खाद्यापैकी फार मोठा भाग शेवटच्या अवस्थेत खाते. झाडाचा पाला संपला की अळ्या फांदीसकट उचलून दुसऱ्या झाडावर न्याव्या लागतात. मुंग्या, गांधीलमाश्या, उझी माशी आणि पक्षी हे तिचे शत्रू. त्यांच्यापासून राखण करण्यासाठी पाळणाऱ्याला आठवडेच्या आठवडे झाडांखाली राहावे लागते. शेवटी अळी फांदीभोवती पक्के कडे करून देठाने लटकणारा, कवचासारखा कठीण कोश विणते.

भंडाऱ्याकडचा किडा वर्षातून तीन पिढ्या देणारा असून शास्त्रीय वाङ्मयात ‘भंडारा’ ह्याच नावाने त्याची स्वतंत्र परिस्थितिजन्य जात गणली जाते. जिल्ह्याचे नाव अशा रीतीने कीटकशास्त्रात गेले. ही जात टिकून राहिली ती स्थानिक झाडांवर, स्थानिक हवेत, पिढ्यान्‌पिढ्या बीजकोश राखणाऱ्या लोकांच्या हातून. तिला निव्वळ ‘रानटी’ म्हणणे म्हणूनच अपुरे आहे.

कोशापासून सूत काढण्याचे कामही तितकेच कष्टाचे असते. कोश क्षारयुक्त पाण्यात शिजवून मऊ करावे लागतात, नंतर तंतू एकत्र ओढून पीळ द्यावा लागतो. हे काम दीर्घकाळ स्त्रियांनी मांडीवर सूत वळून केले. त्याने कातडी सोलवटते. ती पद्धत बंद व्हावी म्हणून केंद्रीय रेशीम मंडळाने अलीकडच्या काळात ‘बुनियाद’ नावाचे यंत्र प्रसारात आणले. पुढे सूत मागावर येते. विदर्भाच्या करवती साडीत अंग कोशाचे व काठ वेगळ्या रंगाचे असून काठाच्या आतील कडेस करवतीच्या दातांसारखी नक्षी असते. अंगाचा बाणा आणि दोन्ही काठांचे बाणे निरनिराळे असल्यामुळे तीन धोटे चालवून ते एकमेकांत गुंतवावे लागतात. ह्या वस्त्राला भौगोलिक निर्देशनाचे संरक्षण मिळाले आहे. परंतु निर्देशनाने नाव राखले जाते; सुताचा पुरवठा त्याने राखला जात नाही. भारतातील टसर-विणकरांत आयात केलेल्या सुताचा ताणा वापरण्याची चाल पडली आहे, ह्याचे एक कारण देशी सूत पुरेसे व एकसारखे मिळत नाही हे होय. मागाचे भवितव्य अशा रीतीने झाडापर्यंत जाऊन पोहोचते.

६. झाड लावण्याचे संशोधन

केंद्रीय रेशीम मंडळाची स्थापना १९४८ च्या अधिनियमान्वये झाली आणि १९६४ मध्ये रांची येथे टसराच्या संशोधनाचे केंद्र सुरू झाले. त्याचा महत्त्वाचा हातभार असा की, खाद्यवृक्ष हा स्वतंत्र संशोधनाचा विषय झाला. जंगलात विखुरलेल्या उंच झाडांवर अवलंबून राहण्याऐवजी अर्जुन व ऐन ह्यांची सुमारे चार-चार फुटांच्या अंतराने दाट लागवड करावी, ती छाटून बुटकी ठेवावी व तीन-चार वर्षांनी त्यांवर किडे सोडावेत, ही पद्धत तेथे विकसित झाली. हाताच्या टप्प्यातील झाडांमुळे राखण सोपी होते, जाळी टाकता येते आणि पाल्याचे प्रमाण मोजता येते.

अशा लागवडीत अर्जुनाला झुकते माप मिळाले, कारण रोपवाटिकेत तो तुलनेने लवकर वाढतो व छाटणी सोसतो. त्याची टणक फळे भिजत घालून पेरतात व रोपे पावसाळ्यात लावतात. दोन्ही वृक्ष तोडलेल्या बुंध्यापासून पुन्हा फुटतात. कोशासाठी त्यांची योग्यता पुष्कळशी ह्या गुणात आहे. भंडारा जिल्ह्यात तळी फार. तळ्यांच्या पाळी आणि नाल्यांचे काठ अर्जुनाला मानवणारे असल्यामुळे ही पद्धत येथे परकी ठरण्याचे कारण नाही. भंडारा येथे केंद्रीय रेशीम मंडळाचे प्रादेशिक टसर संशोधन केंद्र आणि बीजगुणन व प्रशिक्षणाचे काम उभे राहिले, तर १९९७ मध्ये महाराष्ट्र शासनाचे स्वतंत्र रेशीम संचालनालय नागपुरास स्थापन झाले.

दाट लागवडीचे लाभ खरे असले तरी तिचा एक धोका आहे. एकाच जातीची झाडे लावली की रोग व किडींना मोकळे रान मिळते आणि मिश्र जंगलाची जागा बाग घेते. १९८० च्या वनसंवर्धन कायद्याखालील मार्गदर्शक सूचनांत ह्या प्रश्नाचे जे उत्तर दिले गेले ते लक्षणीय आहे. तुतीची लागवड वनेतर कार्य मानण्यात आली. मात्र आदिवासींनी उपजीविकेसाठी वनात केलेली टसरपाळणूक, तसेच त्यासाठी केलेली आसन-अर्जुनाची लागवड, वनकार्यच समजण्यात आली. अट अशी घातली की, लागवडीसाठी उभी झाडे तोडू नयेत, किमान तीन जाती लावाव्यात आणि कोणतीही एक जात निम्म्याहून अधिक क्षेत्र व्यापू नये. कोशासाठी झाड लावणे हे जंगल वाढवणेच आहे, ही मान्यता येथे प्रथमच स्पष्टपणे दिसते.

७. २००६ ची व्याख्या

ह्याच दिशेने पुढचे पाऊल वनहक्क अधिनियम, २००६ ह्याने टाकले. त्याच्या व्याख्याकलमात गौण वनोत्पन्न म्हणजे वनस्पतिजन्य असे इमारती लाकडाखेरीज सर्व उत्पन्न, असे सांगून त्यात बांबू, वेत, मध, मेण, लाख, तेंदूपाने ह्यांच्याबरोबर टसर व कोश ह्यांची नावे दिली आहेत. कीटकशास्त्राच्या काटेकोर दृष्टीने मध, लाख अथवा कोसा ह्यांना वनस्पतिजन्य म्हणणे चुकीचे वाटेल. परंतु १९२७ च्या व्याख्येशेजारी ही व्याख्या ठेवली असता तिचा अर्थ उलगडतो. ऐंशी वर्षांत कोसा हाडे-शिंगांच्या रांगेतून उठून बांबू आणि तेंदूपानांच्या रांगेत आला. प्राण्याकडून झाडाकडे आला. आणि ह्या रांगेतील वस्तूंवर अनुसूचित जमाती व इतर पारंपरिक वननिवासी ह्यांचा मालकीहक्क कायद्याने मानला आहे. पत्रोर्णेची जात झाडावरून ठरवणाऱ्या अर्थशास्त्राशी ही दृष्टी दुरून का होईना, जुळते.

तरीही व्याख्या पूर्ण झाली असे म्हणता येत नाही. हक्काचे कलम परंपरेने ‘गोळा केल्या जाणाऱ्या’ उत्पन्नाविषयी बोलते. मध आणि तेंदूपाने गोळा होतात. कोसा पाळावा लागतो. गोळा करणाऱ्याला झाडापर्यंत जाण्याची वाट पुरते, पाळणाऱ्याला झाड छाटण्याची, त्याखाली राखण करण्याची आणि त्याच्या शेजारी दुसरे लावण्याची मोकळीक लागते. रेशीम खात्याच्या भाषेतील ‘पीक’, ‘बीज’ व ‘संगोपन’ हे शब्द शेतीचे आहेत, कायद्याचे क्रियापद संकलनाचे आहे, आणि प्रत्यक्ष व्यवहार ह्या दोहोंच्या मधोमध आहे.

सारांश, कोसा हा केवळ किड्याचा मानला तेव्हा झाड लाकूड म्हणून मोजले गेले. तो केवळ सुताचा प्रश्न मानला तेव्हा झाड नजरेआड झाले. झाड हाच संशोधनाचा विषय झाला तेव्हा लागवड वाढली, पण पाळणाऱ्याचे ज्ञान ‘पारंपरिक’ ह्या शिक्क्याखाली बाजूला राहण्याचा संभव निर्माण झाला. कात्यायनाचा आक्षेप ह्या ठिकाणी उपयोगी पडतो: वस्तू कशात आढळते एवढ्यावर न थांबता ती कोणत्या कृतींच्या परंपरेने घडते हे सांगितले पाहिजे. ऐन-अर्जुनाच्या संवर्धनाचे जे संशोधन ह्यापुढे भंडारा जिल्ह्यात होईल, त्यात प्रत्येक झाडाचे गावोगावचे नाव, छाटणीचा काळ, पाल्याची पारख आणि बीजकोश राखण्याची रीत ह्यांची पाळणाऱ्यांच्या शब्दांत नोंद घेणे हे वनस्पतिशास्त्र, कीटकशास्त्र आणि भाषाशास्त्र ह्या तिन्ही शाखांचे सामाईक काम ठरते. मोहाडी-आंधळगावच्या मागावर उतरणारे वस्त्र देशी सुताचे राहावयाचे असेल, तर त्याची पहिली तजवीज रोपवाटिकेत, योग्य नावाचे योग्य बी पेरून करावी लागेल.